खिडकीवरची टिकली

जुनी चिप म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी काळी वस्तू. दोन्ही अंगांना बारा-बारा पाय, गोमेसारखे, आणि पाठीवर मधोमध गोल काचेची खिडकी. आत मशीनचा प्रोग्रॅम, म्हणजे मशीनने कधी काय करायचं ते लिहिलेलं. त्या खिडकीतून ऊन आत गेलं की लिहिलेलं पुसलं जायचं. एकदम नाही, इथून थोडं, तिथून थोडं. म्हणून चिप भरली की खिडकीवर चंदेरी कागदाचा गोल तुकडा चिकटवायचा. मी हे काम सतरा वर्षं केलं आणि त्यात मोठी म्हणावी अशी चूक एकदाच केली. ती इथे लिहिते.

लोकांच्या आठवणींत वाढण्याचा भाग शाळेचा असतो. माझी शाळा चौथीला संपली, लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि वाढले मी तिशीत, अंबडच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये. त्याला माझा इलाज नाही.

आमचं रान इंदिरानगरच्या मागच्या अंगाला होतं, दोन एकराला थोडं कमीच. मेथी, कोथिंबीर, पालक, आणि बांधाच्या कडेने शेवंती. आता तिथे चार मजली बिल्डिंगा आहेत आणि त्यांच्या नावांत फुलं आहेत. घरात सासू, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. पहाटे मोटर सुरू झाली की पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यातून फिरायचं आणि आम्ही दोघी दोन टोकांना जुड्या बांधत बसायचो. मधे शेजाऱ्याचा ऊस शिरलेला, त्यामुळे एकमेकींना दिसायचो नाही. उसात बिबट्या यायचा, साप तर घरचेच. म्हणून आत्याबाईंची पद्धत अशी, की थोड्या थोड्या वेळाने त्या हाक मारायच्या, "कलेऽऽ!" मी "ओऽऽ" करायची. पुढे काही बोलायचं नाही. ओ आली नाही की त्या विळा घेऊन निघायच्या. एकदा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता म्हणून मी ओ दिली नाही, तर बाई उसातून चिरत आल्या आणि मला जेवताना बघून म्हणाल्या, "मेली असती तर बरं झालं असतं, माझं लुगडं तरी फाटलं नसतं." जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, खरडा आणि विकून उरलेल्या भाजीची गरगट्टी. उरेल ते खायचं. चांगली जुडी आम्ही कधी खाल्ली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. गरगट्टी चांगलीच लागते, अजून करते.

दुपारी पाटी डोक्यावर घेऊन मी इंदिरानगरमध्ये दारोदार भाजी विकायची. तिथे लिमये साहेबांची बायको माझं गिऱ्हाईक. एकदा मी सुटी कोथिंबीर मोजून जुडी बांधत होते, ती वहिनी बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमची बोटं फार बारीक चालतात हो. आमच्या ह्यांच्या कंपनीत असं माणूस हवंय."

"काय काम?"

"चिप भरायच्या."

"कशात?"

तिलाही माहीत नव्हतं. म्हणाली, "जाऊन तर बघा."

कंपनी म्हणजे आठ माणसं. साहेब द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोलर बनवायचे. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. खोलीत गारवा किती ठेवायचा, कॉम्प्रेसर कधी चालू, कधी बंद, हे तो डबा ठरवायचा. माझ्या टेबलावर दोन वस्तू. एक निळ्या दिव्याची पेटी. जुन्या चिपा वीस मिनिटं तिच्यात ठेवल्या की साफ पुसल्या जायच्या. त्या दिव्याकडे बघायचं नाही, डोळे जातात, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसरं, भरायचं मशीन. चिप खाचेत बसवायची, खटका पाडायचा, कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम आत जायचा, आणि शेवटी पडद्यावर चार घरांचा एक आकडा यायचा. चिपमधल्या सगळ्याची ती बेरीज. कागदावर लिहिलेल्या आकड्याशी ती जुळली पाहिजे. पण त्यांचे आकडे नऊला संपत नव्हते. नऊनंतर ए, मग बी, असं एफपर्यंत. इंग्रजीची ही सहाच अक्षरं मला येत होती आणि तेवढ्यावर माझी नोकरी सतरा वर्षं चालली. पुसलेल्या चिपमध्ये सगळीकडे एफ एफ, एफ एफ असतं, हेही मी तिथेच शिकले. कोरी पाटी काळी असते, कोरी चिप एफने भरलेली असते.

घरी आत्याबाईंनी विचारलं, "काय करती गं तिथं?"

"जुनं पुसते, नवं भरते."

"दिसभर?"

"दिवसभर."

"मंग इथली भांडी काय वाईट व्हती?"

प्रोग्रॅम लिहायची अनघा मॅडम. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, काटकुळी, चष्मा. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला कलाताई. बाकीच्या कंपन्यांत लोक सोप्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे म्हणे. हिचा सगळा मशीनच्या भाषेत, कुठल्या घरात काय ठेवायचं ते एकेक स्वतः ठरवून. लांबच लांब कागद प्रिंटरमधून कर्रकर्र करत बाहेर पडायचे आणि ती जमिनीवर बसून ते पेन्सिलीने वाचायची. मी एकदा विचारलं की यात चुकतं काय. ती म्हणाली, "कलाताई, तुमच्या रानात वाफे असतात ना? एका वाफ्यात मावेल त्याहून जास्त पाणी सोडलं तर?"

"बांध फोडून शेजारच्यात जातं."

"तसंच. मेमरीत घरं असतात. एका घरात मावत नाही ते शेजारच्या घरात जाऊन बसतं, आणि तिथलं मोडतं. बिघाड दिसतो तिसरीकडेच."

हे मला लगेच कळलं. मेथी सडते एका टोकाला आणि बांध फुटलेला असतो दुसऱ्या टोकाला, हे आमचं रोजचं. तेव्हापासून जेवायला आम्ही शेजारी बसायला लागलो. तिच्या डब्यात तूप लावलेल्या पोळ्या, माझ्यात भाकरी. ती माझा खरडा खायची आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणायची, "उद्या परत आणा."

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला आणि डब्यांची घाई उडाली. त्यातच चंदेरी कागद संपला. तो मुंबईहून यायचा आणि पार्सल कुठेतरी अडकलं होतं. साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "काहीतरी लावून झाका, चार डबे आज गेलेच पाहिजेत." काळी चिकटपट्टी शोधली, ती पण संपलेली. माझ्या पिशवीत नवं टिकल्यांचं पाकीट होतं. मखमली, मरून, मोठ्या. एक काढून चिपवर ठेवून बघितली. खिडकीच्या मापाचीच, जशी काही तिच्यासाठीच केलेली. मी विचार केला, रानात भर उन्हात, घामात, दिवसभर माझ्या कपाळावरून हलत नाही, तर डब्यात सावलीत कशाला हलेल? चार चिपांना चार टिकल्या लावल्या, झाकणं बसवली, स्क्रू आवळले. कोणाला विचारलं नाही. उलट स्वतःवर खूश होते. कपाळावरची टिकली मी रोज सकाळी नवी लावते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

महिन्याभराने पहिली तक्रार आली. दिंडोरीकडच्या एका स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर बंदच झाला नाही. द्राक्षं गारठून गोट्या झाली, पेट्याच्या पेट्या फेकाव्या लागल्या. आमचा मेकॅनिक रफीकभाई स्कूटरवर गेला, नवी चिप घातली, डबा सुरळीत चालायला लागला. जुनी चिप त्याने काडेपेटीत घालून आणली आणि माझ्या ट्रेमध्ये टाकली. ट्रेमध्ये आलेली चिप म्हणजे पुसायची चिप. चिपा महाग, एकही वाया घालवायची नाही, असा साहेबांचा दंडक. मी ती निळ्या पेटीत ठेवली आणि वीस मिनिटांनी कोरी करून काढली. आणखी महिन्याभराने दुसरा डबा बिघडला. पुन्हा काडेपेटी, पुन्हा निळी पेटी. चिप उपटताना वरचं निघालं असेल, असं मी समजत होते. खरं म्हणजे मी काही समजतच नव्हते, हात चालत होते.

चिप बदलली की डबा चालतो, मग चूक प्रोग्रॅममध्ये, असं सगळ्यांनी धरलं. डब्याला कधीतरी वेड लागतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं की शहाणा होतो. अनघा मॅडमलाही तेच वाटत होतं. कुठेतरी एका घरातलं दुसऱ्या घरात जातंय आणि मला दिसत नाही, असं म्हणायची. कागदांवर बसून बसून तिचे डोळे लाल झाले. साहेब माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाईक रोज फोनवर त्याची पूजा बांधत होतं. सोमवारी सगळ्यांसमोर साहेब मॅडमला म्हणाले, "शनिवारपर्यंत चूक सापडली तर ठीक. नाहीतर प्रोग्रॅम पुण्याच्या माणसाकडून लिहून घेतो. मग तुमच्यासाठी इथे काम उरणार नाही." तिच्या घरी वडील स्थळं काढून बसले होते. तिने एक वर्ष मागून घेतलं होतं. नोकरी गेली की घरात तोंड उघडायला जागा राहणार नव्हती. तिने हे मला सांगितलं ते रडून नाही, जेवणाचा डबा उघडून तसाच बंद करता करता.

गुरुवारी तिसरा डबा बिघडला. या वेळी चिपचे पाय खाचेत अडकले म्हणून रफीकभाईने अख्खा डबाच उचलून आणला. माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काय लोक असतात! आधीच्या दोघांसारखंच, डबा तापतो म्हणून झाकण काढून ठेवलं, वर समोर टेबलफॅन. दुपारचं सगळं ऊन आत. सांगितलं तर म्हणतो, हवा लागू द्या की त्याला." तो चहाला गेला. मी डबा जवळ ओढला. चिपची खिडकी उघडी, आणि खाली तारांच्या गुंडाळीला माझी टिकली चिकटलेली. गोंद सुकून पिवळा झालेला, कडा वळलेल्या.

मला सगळं एकदम कळलं. आधीच्या दोन चिपा मी स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या, तेही कळलं.

मी लगेच जाऊन सांगितलं असं लिहिलं तर खोटं होईल. निळी पेटी हातभर अंतरावर होती. चिप आत टाकायची, टिकली केरात, काम झालं. कोणी विचारलं नसतं, कारण मी रोज तेच करत होते. मी चिप उपटली, पेटीचं झाकण उघडलंसुद्धा. माझी नोकरी गेली तर पुन्हा पाटी डोक्यावर, आणि तोपर्यंत मला खुर्चीची सवय झाली होती. समोर जमिनीवर ती पोरगी पेन्सिल घेऊन कागद पहिल्यापासून वाचत होती, चौथ्यांदा की पाचव्यांदा. मला तिची दया आली असंही नाही. साप माझ्या वाफ्यात आणि ती शेजारच्या वाफ्यात काठी आपटत होती, ते मला बघवेना. एवढंच.

मी चिप तिच्या कागदावर ठेवली. शेजारी टिकली ठेवली.

"हे काय?"

"कागद संपला होता तेव्हा मी हे लावलं होतं. चार डब्यांना."

ती माझ्या कपाळाकडे बघायला लागली. मग उठली, चिप मशीनमध्ये बसवली, खटका पाडला. आकडा जुळला नाही. आतलं उघडून बघितलं तर बरंच जागेवर, आणि मधे मधे एफ एफ, एफ एफ, उंदराने कुरतडल्यासारखं.

"आधीच्या दोन?"

"पुसल्या."

"कोणी?"

"मी."

"दीड महिना," ती म्हणाली. "कलाबाई, दीड महिना मी इथे जमिनीवर बसलेय." ताईची बाई झाली, ती मला बरोबर ऐकू आली. पुढचे काही दिवस मी बाईच होते.

मी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, तसे साहेब कडाडले. "टिकली? अहो, इथे काय हळदीकुंकू चाललंय? उद्यापासून येऊ नका." मी पिशवी उचलली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात मॅडम दारात आली, हातात ती चिप.

"सर, एक टिकली पडली म्हणून एवढी द्राक्षं जाणार असतील, तर माझा प्रोग्रॅम कच्चा आहे."

"आता तुम्ही यांची बाजू घेणार?"

"बाजू नाही घेत. मला यांचा राग आलाय. पण प्रोग्रॅम मेमरीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, ती चूक माझी आहे. आज टिकली पडली, उद्या कागद पडेल. आणि सर, हंगामात चिपा भरणार कोण?"

शेवटच्या वाक्याने काम केलं असं मला वाटतं. साहेबांनी मला ठेवलं, पण आधी रफीकभाईच्या स्कूटरवर बसून चौथ्या डब्याची टिकली बदलून यायला लावलं. ते स्टोरेज होतं हरसूलच्या रस्त्याला. रफीकभाई वाटभर म्हणत होता, "भाभी, घट्ट धरा, तुम्ही पण चिकटून राहिलात तर बरं." चौथी टिकली एका कडेने लोंबत होती. मी चंदेरी कागद लावला, अंगठ्याने दहा वेळा दाबला. मालकाने विचारलं, "तुम्ही इंजिनीयर का?" रफीकभाई म्हणाला, "स्पेशल बोलावलंय यांना." येताना आम्हाला किलोभर द्राक्षं मिळाली. आत्याबाईंनी ती खाल्ली आणि बिया मोजून परड्यात पुरल्या. उगवलं काही नाही.

अनघा मॅडमने पुढचे दिवस नवा प्रोग्रॅम लिहिला. सुरू होताना आणि मग दर तासाला चिपने आपलीच बेरीज करायची. जुळली नाही तर कॉम्प्रेसर बंद करायचा आणि लाल दिवा लावायचा. जेवताना ती हे मला सांगत होती, अजून थोडी फुगलेलीच. मी म्हटलं, "आणि बेरीज करणारी ओळच पुसली गेली तर?"

तिचा घास हातात राहिला.

"म्हणजे बघा," मी म्हटलं, "आत्याबाई मला हाक मारतात. मला साप चावला असेल तर मी सांगायला जाणार आहे का, की मला साप चावला? ओ येत नाही, म्हणून त्या येतात." आणि मी तिला उसाची, विळ्याची, भाकरीच्या घासाची सगळी गोष्ट सांगितली.

ती हसली नाही. जेवणाचा डबा तसाच टाकून उठली. नंतर तिनेच सांगितलं की अशी ओ ऐकणारा वेगळा भाग बाहेरून जोडतात हे पुस्तकात तिने वाचलं होतं, मी काही नवीन शोधलं नव्हतं. आमच्या डब्यात खर्च नको म्हणून ते सोडून दिलं होतं, एवढंच. तिने चिपच्या बाहेर एक छोटा वेगळा भाग जोडला. प्रोग्रॅमने त्याला दर सेकंदाला एक टिचकी द्यायची, माझ्या ओसारखी. टिचकी आली नाही तर तो कोणाला न विचारता कॉम्प्रेसर बंद करणार आणि दिवा लावणार.

शनिवार उलटून गेला होता, पण पुण्याच्या माणसाचं नाव साहेबांनी पुन्हा काढलं नाही. डबा तयार झाला तेव्हा ते स्वतः बघायला आले. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाली, "कलाताई, एक चिप घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि निळ्या पेटीत ठेवा. वीस मिनिटं नाही, सातच. अर्धवट पुसा." ताई ऐकून मला बरं वाटलं, पण मी तोंड तसंच ठेवलं. सात मिनिटांनी चिप काढून डब्यात बसवली. मॅडमने बटण दाबलं. एक, दोन म्हणेपर्यंत काहीच झालं नाही. मग आत टक्क वाजलं आणि लाल दिवा लागला. साहेब म्हणाले, "आणखी एकदा." आम्ही पाच वेळा केलं. पाचही वेळा टक्क आणि लाल.

त्या तपासणीला कागदावर नाव हवं होतं. मॅडमने लिहिलं, टिकली टेस्ट. ती पुढे बंगलोरला गेली, मग आणखी लांब. आता दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमच्या मेमरीत चोर कुठून शिरू शकतो ते शोधून देण्याचं काम करते आणि मोठमोठे लोक तिचं ऐकतात. लग्नही केलं, स्वतःच्या वेळेला. दिवाळीला फोन करते. आता चिपांना खिडकी नसते, सगळं बंद. पण म्हणाली, "कलाताई, हल्ली उजेड शिरत नाही, माणसं शिरतात." मी म्हटलं, माणसांना काय लावणार, टिकली? कंपनीत मात्र खिडक्या गेल्यावरही त्या कागदावर टिकली टेस्ट तशीच राहिली. खाली सही माझी, मराठीत, कारण माझं नाव त्या सहा अक्षरांत बसत नाही. नव्या आलेल्या एका इंजिनीयर मुलीने मला विचारलं होतं की याला टिकली का म्हणतात. मी म्हटलं, काम कर.

आत्याबाई जाऊन खूप वर्षं झाली. आता मी पलंगावर बसून हे लिहिते आणि स्वयंपाकघरातून माझी सून मधूनमधून हाक मारते, "आईऽ!" मी ओ देते. कधीकधी मुद्दाम देत नाही. किती वेळात येते ते बघते. परवा कुकर गॅसवर सोडून, पिठाच्या हातांनी धावत आली आणि मला धडधाकट बसलेली बघून म्हणाली, "काय हो आई, जीव घेता का?" मी घड्याळ बघितलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. टेस्ट पास.